मुद्रित नाद आणि बदलती लय : तबकडीपासून संगणकापर्यंत

प्रस्तावना

लय हा संगीताचा प्राण मानला जातो. दोन मात्रांमधील अंतर सारखे राखणे आणि योग्य ठिकाणी ते जाणीवपूर्वक बदलणे, या दोन्ही गोष्टी लयीच्या व्यवहारात येतात. गायक, वादक आणि श्रोते एका ठिकाणी असतात तोवर हा बदल परस्परांच्या संमतीने घडतो. गायकाने लय वाढविली की तबलजी ती उचलतो आणि टाळकरी तिच्यामागे जातात. आवाज एकदा मुद्रित झाला की ही संमती संपुष्टात येते. त्याची लय मुद्रणाच्या क्षणीच ठरलेली असते. पुढे कोणी साथीला आले तरी तो कोणासाठी थांबत नाही व कोणाबरोबर धावत नाही.

आज बहुतांश संगीतनिर्मिती संगणकावर होते. तेथे गाण्याचा 'टेम्पो', म्हणजे एका मिनिटातील ठोक्यांची संख्या, एक आकडा बदलून कमीअधिक करता येते. परंतु त्या गाण्यात आधीच मुद्रित झालेल्या आवाजाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. वरवर तो केवळ तंत्रज्ञाचा वाटतो. वस्तुतः त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरातील व एकूण वऱ्हाडातील गायन-वादनपरंपरेच्या जतनाशी त्याचा काय संबंध पोहोचतो, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लयबदलाची शास्त्रपरंपरा

लय बदलते आणि त्या बदलालाही नियम असतो, हा विचार आपल्याकडे जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याच्या तालविषयक पाचव्या अध्यायात द्रुत, मध्य व विलंबित या तीन लयींबरोबरच 'यति' या संकल्पनेचे विवेचन आहे. लयीच्या प्रवृत्तीचा नियम म्हणजे यति. आरंभापासून अंतापर्यंत लय एकच राहिली तर ती समा यति. विलंबितापासून मध्य आणि मध्यापासून द्रुत अशी चढत गेली तर ती स्रोतोगता, म्हणजे ओघासारखी. याच्या उलट, द्रुतापासून विलंबिताकडे उतरणारी ती गोपुच्छा.

आजच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये 'टेम्पो ट्रॅक' नावाची एक रेषा असते. ती आडवी ठेवली तर लय स्थिर राहते; चढती किंवा उतरती काढली तर लय वाढते किंवा मंदावते. यादवकालीन पंडिताने शब्दांत सांगितलेले तीन यति या रेषेच्या तीन आकारांत ओळखता येतात.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. दुगुन-चौगुन म्हणजे टेम्पो बदलणे नव्हे. दुगुनीत ठेक्याची गती तीच राहते आणि एका मात्रेत दोन बोल बसतात. भजनात रंग चढल्यावर ठेकाच जलद होतो, तेव्हा मात्र खरोखर टेम्पो बदलतो. संगणकावर काम करताना हे दोन प्रकार एकच मानले गेले, तर तालाचे आवर्तन आणि पडद्यावरील मोजमाप यांची फारकत होते.

तबकडीचा काळ

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग याने तेथे गौहर जान व इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचा अवकाश मिळे. तासभर विस्तारणारा राग त्या अवकाशात बसवावयाचा, तर विलंबिताला फारशी जागा उरत नसे. त्यामुळे मध्य व द्रुत लयीतील चिजा, ठुमऱ्या आणि नाट्यपदे तबकडीवर अधिक आली. यंत्राची मर्यादा अशा रीतीने लयीच्या निवडीत उतरली.

तबकडीने आणखी एक बंधन घातले. तिच्यावर काल आणि स्वर एकमेकांना बांधलेले असतात. तबकडी जलद फिरविली की गाणे लवकर संपते आणि स्वरही चढतो. सावकाश फिरविली की गाणे लांबते आणि स्वर उतरतो. पुढे ७८ फेऱ्यांची तबकडी हा शब्दप्रयोग रूढ झाला. पण आरंभीच्या काळात सर्व तबकड्या प्रत्यक्षात त्याच गतीने मुद्रित होत नसत. ७२ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांना वाजविली, तर स्वर एका अर्ध्या सुराहून अधिक चढतो. अशी तबकडी ऐकून एखाद्या गायकाची पट्टी किंवा त्याच्या तानेचा वेग ठरविणे धोक्याचे आहे. म्हणूनच संग्राहक तबकडीच्या मूळ गतीबाबत काटेकोर असतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेसारख्या प्रयत्नांमुळे असा अभ्यास महाराष्ट्रात रुजला.

बोलपटाचा काळ : कोण कोणामागे जाणार?

'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्या काळी नट-नटी चित्रीकरणाच्या वेळीच गात असत. वादक कॅमेऱ्याच्या आड बसत आणि गाणाऱ्याच्या लयीबरोबर जात. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत आणली आणि हा क्रम उलटला. आता गाणे आधी मुद्रित होऊ लागले आणि नट त्या मुद्रित गाण्यावर ओठ हलवू लागला. पूर्वी वाद्ये माणसामागे जात. आता माणूस मुद्रित आवाजामागे जाऊ लागला. मुद्रित नाद आणि जिवंत कृती यांच्यात लयीचे नेतृत्व कोणाकडे असावे, हा प्रश्न येथे प्रथमच रोजच्या व्यवहाराचा झाला.

काल आणि स्वर यांची फारकत

चुंबकीय फितीमुळे मुद्रित आवाज कापून जोडता येऊ लागला. परंतु तबकडीचे मूळ बंधन फितीवरही कायम राहिले. फीत दुप्पट वेगाने फिरविली की आवाज वरच्या सप्तकात जाई. स्वर न बदलता केवळ काल बदलावयाचा, तर आवाजाचे अतिशय लहान तुकडे करून ते पुन्हा मांडावे लागतात. १९४० च्या दशकात डेनिस गॅबर या भौतिकशास्त्रज्ञाने ध्वनीच्या अशा सूक्ष्म कणांचा सिद्धान्त मांडला. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या शीर्षाचे फीतयंत्र वापरून बोलण्याचा काल आखडता व वाढविता येतो, हे दाखविले. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन व गोल्डन यांनी 'फेज व्होकोडर' ही गणिती पद्धत प्रसिद्ध केली. आज संगणकावर आवाज ताणण्याच्या अनेक पद्धतींच्या मुळाशी हे संशोधन आहे.

हे सर्व प्रयत्न मुख्यतः दूरध्वनी व भाषण यांच्या गरजेतून झाले होते. संगीतकाराच्या टेबलावर ते येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९८ मध्ये आलेल्या 'ॲसिड' या सॉफ्टवेअरने मुद्रित तुकडे गाण्याच्या टेम्पोला आपोआप जुळविण्याची सोय केली. २००१ मध्ये 'एबलटन लाइव्ह' आले. पुढे 'प्रो टूल्स'मध्ये २००७ साली आणि 'लॉजिक प्रो'मध्ये २००९ साली अशाच सोयी आल्या.

संगणकातील दोन घड्याळे

या सॉफ्टवेअरमध्ये वस्तुतः दोन घड्याळे चालू असतात. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या 'मिडी' पद्धतीने लिहिलेले संगीत मात्रांच्या हिशेबाने नोंदले जाते. कोणत्या मात्रेवर कोणता स्वर वाजवावयाचा, एवढेच त्यात असते; म्हणून टेम्पो बदलताच ते निमूटपणे नव्या लयीत वाजू लागते. मुद्रित आवाजाची नोंद मात्र सेकंदांच्या हिशेबाने होते. सीडीच्या मानकानुसार एका सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. या नमुन्यांना मात्रा ठाऊक नसते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. केरव्याचे आवर्तन ८ मात्रांचे. टेम्पो ६० ठेवल्यास एक आवर्तन ८ सेकंदांचे आणि दहा आवर्तने ८० सेकंदांची होतात. त्यावर एक भजन मुद्रित केले आणि नंतर टेम्पो ८० केला. पडद्यावरील दहा आवर्तने आता ६० सेकंदांत संपतील. मिडीतील तबला व पेटीही तेथे संपतील. गायकाचा आवाज मात्र पुढे २० सेकंद चालूच राहील आणि त्यापूर्वीच सम निसटलेली असेल. आवाज नव्या टेम्पोत बसवावयाचा, तर त्याचा काल पाऊणपट करावा लागेल. जुन्या फितीप्रमाणे केवळ गती वाढवून हे केले, तर स्वर चार-तृतीयांश पटीने चढेल; म्हणजे गायकाचा षड्ज मूळच्या शुद्ध मध्यमावर जाऊन बसेल. स्वर न बदलता काल आखडला तर पट्टी टिकते. पण मींड आक्रसते, श्वासाची जागा अनैसर्गिक होते आणि ढोलकीच्या थापेची धार बोथट होऊ शकते.

यावर सॉफ्टवेअर तीन मार्ग देते. मुद्रित आवाज सेकंदांशी बांधून जसाच्या तसा ठेवावा. तो मात्रांशी बांधून टेम्पोबरोबर ताणावा. अथवा आवाज न हलविता त्यातील समेच्या जागा शोधून टेम्पोची रेषाच त्याच्याप्रमाणे काढावी. पहिल्या मार्गात लयीचा मेळ तुटण्याची शक्यता असते. दुसऱ्यात यंत्र नेतृत्व करते. तिसऱ्यात गाणारा नेतृत्व करतो आणि यंत्र साथ करते. १९३५ मध्ये उलटलेला क्रम या तिसऱ्या मार्गाने पुन्हा सुलटा करता येतो.

जुने शहर आणि वऱ्हाडाचा लयव्यवहार

मोर्णा नदीच्या पश्चिमेस वसलेले जुने शहर हा अकोल्याचा मूळ गाभा. श्री राजराजेश्वराचे मंदिर येथेच आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णा नदीचे जल कावडींतून आणून राजेश्वराला अभिषेक करण्याची परंपरा आहे. हे अंतर सुमारे १८ किलोमीटर आहे. खांद्यावर जलाने भरलेल्या कलशांचे मोठे 'भरणे' घेऊन चालणाऱ्यांच्या वाटचालीत वाद्यांची लय पावलांशी बांधलेली असते. ओझे जड झाले, वाट अरुंद झाली की पाऊल मंदावते. मंदिर जवळ आले की उत्साह वाढतो. जिवंत वादक हे डोळ्यांनी पाहतो आणि लय त्याप्रमाणे बदलतो. वाहनावरील ध्वनिक्षेपकातून वाजणाऱ्या मुद्रित गीताला पाऊल दिसत नाही; तेथे पावलालाच गीतामागे जावे लागते.

वऱ्हाडातील कीर्तन-भजनांचेही असेच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनाच्या भावाबरोबर चाले. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांचे, १९५६ मध्ये निधनापूर्वी काही आठवडे मुंबईत झालेले कीर्तन मुद्रित झाले आहे. त्यात प्रश्नोत्तरे, बोलणे आणि नामगजर एकातून एक उमलतात. त्याला एक टेम्पो नाही. अशा मुद्रणाखाली स्थिर टेम्पोचा ठेका घालून त्याला आधुनिक रूप द्यावयाचे ठरविले, तर आवाज जागोजागी ताणावा किंवा आखडावा लागेल. ऐकणाऱ्याला कदाचित ते गोड वाटेल. पण समुदायाच्या प्रतिसादासाठी बाबा किती थांबले, गजर कोठे चढविला, याचा पुरावा त्यातून नाहीसा होईल. इतिहासाच्या अभ्यासकाला हवा असतो तो नेमका हाच पुरावा.

म्हणून जतनाच्या कामात काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. मूळ मुद्रणाची प्रत अस्पर्शित ठेवावी आणि सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. भजनी मंडळाला कानात स्थिर 'क्लिक' देऊन गाण्यास लावू नये. आधी त्यांच्या लयीत मुद्रण करून मग प्रत्येक आवर्तनाची सम खुणावून टेम्पोची रेषा काढावी. टेम्पो बदलण्यापूर्वी कोणता ट्रॅक सेकंदांशी आणि कोणता मात्रांशी बांधला आहे, हे तपासावे. एकाच ढोलाचे मुद्रण अनेक मायक्रोफोनांतून झाले असेल, तर ते सर्व ट्रॅक एकत्रच ताणावेत. एरवी त्यांतील सूक्ष्म कालसंबंध बिघडून नाद पोकळ होतो. आवाज ताणला असल्यास मूळ टेम्पो, नवा टेम्पो आणि वापरलेली पद्धत यांची नोंद ध्वनिफितीबरोबर ठेवावी. आरंभीच्या तबकड्यांच्या गतीची नोंद न राहिल्यामुळे पुढील पिढ्यांना जो घोळ निस्तरावा लागला, तो आपल्या काळातील मुद्रणांबाबत टाळता येण्यासारखा आहे.

निष्कर्ष

मुद्रित नाद आणि बदलती लय यांच्या संबंधाचे तीन टप्पे या विवेचनातून दिसतात. तबकडीने काल व स्वर यांची गाठ बांधली. बोलपटाने जिवंत माणसाला मुद्रित आवाजामागे चालावयास लावले. संगणकाने काल व स्वर यांची गाठ सोडविली आणि नेतृत्व कोणाकडे द्यावयाचे, ही निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली. सॉफ्टवेअर उघडताच टेम्पोची रेषा आडवी, म्हणजे समा यतीची असते. काही न करता काम सुरू केले की ही निवड नकळत यंत्राच्या बाजूने होते. स्रोतोगतेने चढणारे वऱ्हाडी भजन त्या आडव्या रेषेत बसविले, तर ते बिनचूक वाटेल; परंतु ते त्या मंडळाचे भजन राहणार नाही.

महाविद्यालयांतील संगीत, इतिहास व मराठी या विभागांनी आपापल्या परिसरातील भजनी मंडळे, कीर्तनकार आणि ढोलवादक यांचे मुद्रण एकत्रितपणे हाती घ्यावे. त्यासाठी लागणारी साधने आता सामान्य महाविद्यालयाच्याही आवाक्यात आहेत. त्या कामात रेषेने गाण्यामागे जावे, गाण्याने रेषेमागे नव्हे, एवढा विवेक राखला, तर जुन्या शहरातील पावलांची लय पुढील अभ्यासकांपर्यंत जशी होती तशी पोहोचेल.