शेगावचा प्रसाद आणि मंडाले

संकटात माणूस देवाला हाक मारतो. ती ऐकली गेली हे ओळखावयाचे कशावरून? मागितलेले पदरात पडले तर प्रश्नच मिटला. न पडले तर काय, यासाठी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलाच एक प्रसंग पाहू.

सन १९०८. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाप्रमाणे, अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी कोल्हटकरांना शेगावी गजानन महाराजांकडे पाठविले. उत्तर मिळाले ते असे, की सुटकेची खटपट फळणार नाही. पण ही भाकरी टिळकांना द्या, त्यांच्या हातून मोठी कामगिरी व्हावयाची आहे.

हा ग्रंथ १९३९चा. शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेला. इतिहासाच्या अभ्यासकाने हे विसरून चालणार नाही. तरीही भक्ताने लिहिलेल्या चरित्रात संताच्या तोंडी स्पष्ट नकार यावा, ही गोष्ट मला मोलाची वाटते. खापर्ड्यांनीही प्रसादावर भार टाकून हातपाय गाळले नाहीत. अपिलासाठी ते थेट विलायतेला गेले. तेथेही यश आले नाही.

कोर्टात घडले त्याला मात्र पोथीचा आधार लागत नाही. २२ जुलैला नऊ ज्यूरर्सपैकी सातांनी दोषी ठरविले. न्यायमूर्ती होते दावर. १८९७च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले तेच हे! शिक्षेपूर्वी टिळक म्हणाले, मी निर्दोष आहे; जगाची सूत्रे याहून श्रेष्ठ शक्तीच्या हाती आहेत, आणि माझ्या सुटकेपेक्षा माझ्या क्लेशांनीच कार्य वाढावे अशी तिची इच्छा असेल. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्याच हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ साली ते छापले गेले. भाविकांना यात त्या भाकरीची खूण दिसते. मला तो नुसता योगायोग वाटतो; पण नकार ऐकूनही प्रसाद घेऊन निघणाऱ्या माणसाची श्रद्धा योगायोगावर उभी नव्हती, हेही खरे.

पुण्यात सत्यभामाबाई होत्या. त्यांनी देवाजवळ काय मागितले असेल, ते पोथीत नाही. त्या १९१२ साली वारल्या. लोकमान्य परतले ते जून १९१४मध्ये.