गडग्याची फट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराचे परसू डोंगरात शिरलेले आहे. खाली घर आणि गोठा, वर कलमांची बाग, मध्ये पुरुषभराहून उंच असा जांभ्याच्या ओबडधोबड दगडांचा गडगा. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात त्याच्या फटीफटींतून पाणी पाझरे. "गडग्याला घाम फुटला," असे आजी म्हणायची.

१९९८ साली तो गडगा मी पाडला आणि तिथे सिमेंटात चिऱ्याची भिंत घातली. भिंत ओलसर दिसू नये म्हणून पाणी जायची भोकेसुद्धा ठेवू दिली नाहीत. चार पावसाळे ती उभी राहिली. पाचव्या वर्षी जुलैत, रात्री, ती सबंध गोठ्यावर आली. एक गाय गेली. वडील नुकतेच धारा काढून घरात आले होते. गवंडी सकाळी म्हणाला, "मातीनं नाही, पाण्यानं ढकललीन."

त्याच्या त्या वाक्याचा हिशेब शोधत मी पुस्तकांकडे वळलो.

हा हिशेब नीट मांडणारा पहिला माणूस फ्रेंच लष्करी इंजिनिअर कुलोम. विजेच्या नियमामुळे त्याचे नाव शाळेतच कानावर पडते. पण ऐन उमेदीची आठ वर्षे त्याने कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात घालवली. परतल्यावर १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे, की भिंतीमागची सगळी माती ढकलत नाही. तिची एक पाचर तिरकी सुटून घसरू पाहते आणि मातीचे आपसातले घर्षण तिला अडवते. उरतो तेवढाच भार भिंतीवर. भिंतीची उंची दुप्पट झाली, की हा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट.

मी आमच्या भिंतीचे गणित मांडले. उंची २.४ मीटर, मागे मुरमाड भर, वर सपाट जमीन: रेटा धावत्या मीटरला सुमारे पावणेदोन टन. तीच भर पाण्याने तुडुंब भरली, तर पावणेचार टनांहून जास्त. पाण्याला स्वतःचे घर्षण नसते. ते सगळ्या वजनानिशी भिंतीला भिडते. आजीच्या गडग्याने हा दुसरा आकडा कधी पाहिलाच नव्हता.

पुढचा टप्पा मातीलाच बांधून घेण्याचा. कल्पना पुरातन आहे. बगदादजवळच्या अकरकुफच्या झिगुरातमध्ये विटांच्या थरांमधून बोरूच्या चटया अंथरलेल्या आजही दिसतात. आधुनिक काळात आंरी विदाल या फ्रेंच इंजिनिअरने १९६३ साली भरावात धातूच्या पट्ट्या घालण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. प्लास्टिकची जाळी आली ती इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या ब्रायन मर्सरकडून. घराणे कापडाच्या धंद्यातले, तेव्हा विणीवरून जाळीकडे जाणे त्याला जड गेले नसावे. १९८०च्या दशकात अमेरिकेत या जाळीला काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांची जोड मिळाली आणि घरामागच्या उतारावर परवडेल अशी भिंत तयार झाली. ठोकळे एकमेकांत अडकतात, सिमेंट लागत नाही, दर थर किंचित मागे सरकतो. म्हणजे गडगाच की!

आमच्याकडे तशी भिंत घालायला इंजिनिअर आला, तेव्हा ठोकळ्यांबद्दल तो फारसे बोललाच नाही. त्याचे लक्ष मागे. जाळीची लांबी उंचीच्या निदान ६० टक्के हवी, म्हणजे दीड मीटर डोंगर आत खणायचा. जाळी शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये, कारण उद्या त्याने पाया खणला, तर आमची भिंतच तुटायची. या दीड मीटरपायी हापूसचे एक कलम तोडावे लागले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पहिला थर दाबलेल्या खडीवर, पाणसळीत, जमिनीखाली पुरलेला. ठोकळ्यांमागे फूटभर रुंद खडी आणि तिच्या तळाशी भोकाचा पाइप. भर वीतवीत थरांनी दाबायची. भिंतीलगतच्या मीटरभरात मोठा रोलर न्यायचा नाही, नाही तर भिंतच पुढे सरकते. बागेतले पाणी मुळात भरीत उतरू नये म्हणून माथ्यावर चर.

जुन्या गडग्याचे दगड फोडून खडी करा, असे मी सुचवले. तो नको म्हणाला: जांभा मऊ, कालांतराने भुगा होऊन खडीच्या फटी बुजवील. काळ्या दगडाची खडी ट्रकने आली. जांभ्याचे दगड वडिलांनी वर बागेच्या कडेला एकावर एक रचले, सिमेंटाशिवाय.

पहिल्या पावसात आम्ही दोघे छत्री घेऊन पाइपाच्या तोंडाशी उभे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आले, आधी गढूळ, मग नितळ. वडिलांनी त्याखाली कळशी लावली.