व्हर्सेस
व्हर्सेस हे विरोध, सामना किंवा तुलना दर्शवणारे इंग्रजी शब्दयोगी अव्यय आहे. मराठीत त्यासाठी ‘विरुद्ध’ हा शब्द रूढ आहे.

व्युत्पत्ती
‘वळणे’ या अर्थाच्या ‘व्हर्टेरे’ या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द तयार झाला. न्यायालयीन लॅटिनमधून तो इंग्रजीत आला.

वापर
खटल्यांच्या नावांत ‘व्ही.’, तर इतरत्र ‘व्हीएस.’ हा संक्षेप सहसा वापरला जातो. इंग्लंडमध्ये दिवाणी खटल्याचे नाव वाचताना या संक्षेपाचा उच्चार परंपरेने ‘अँड’, म्हणजे ‘आणि’, असा करतात. ‘व्हर्सेस’ मुख्यतः दोन नावांच्या मध्ये येतो. ‘खेळणे’, ‘लढणे’ अशा अर्थाच्या क्रियापदांसोबत ‘अगेन्स्ट’ योजतात. मराठीतही ‘भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया’ या शीर्षकात ‘विरुद्ध’ सुटा लिहितात, तर ‘भारत ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला’ या वाक्यात तो नामाला जोडून येतो.

नावांचा क्रम
खटल्याच्या शीर्षकात आधी येणारा पक्ष तक्रारदारच असतो, हा समज चुकीचा आहे. मूळ दाव्यात वादीचे नाव आधी येते. मात्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील अपिलात अपीलकर्त्याचे नाव आधी येते. ‘के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९६१) या प्रकरणात खुनाचा आरोप नानावटी यांच्यावरच होता. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या जन्मठेपेविरुद्ध त्यांनी अपील केल्यामुळे त्यांचे नाव आधी आले. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. त्यामुळे केवळ शीर्षकावरून आरोपी कोण किंवा खटला कोणी जिंकला, हे ठरवता येत नाही.