सनरूफ : छतातलं भोक, त्यातलं पाणी आणि बाबांची गाडी

आजचा भाग जरा ओला आहे. अगदी खरोखरचा ओला.

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी बाबांनी खालून हाक मारली, गेलो, तर गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी तळं. कार्पेट दाबलं की बुडबुडे, आणि कुबट वास. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली ही पहिलीच गाडी, आणि ‘सनरूफ हवंच’ हा हट्ट माझा. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. त्यात आईला दमा. बुरशी धरलेल्या गाडीत तिला बसवणार कसं?

गॅरेजवाला म्हणाला, “रबर गेलंय. सिलिकॉन मारून टाकू चारी बाजूंनी.” मी हो म्हणणारच होतो. पण इतिहासाच्या माणसाला खोड असते ना, ही वस्तू आली कुठून हे बघायची!

तर सुरुवातीच्या बऱ्याचशा मोटारींना पक्कं छतच नव्हतं. १९२०च्या दशकात बंद गाड्या वाढल्या, पण त्यांचंही छत पूर्ण धातूचं नसायचं. कडेला पत्रा आणि मध्ये लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. ते जुनं झालं की गळायचं. म्हणजे गळकं छत ही सनरूफच्याही आधीची तक्रार! अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३५च्या मॉडेल्सवर ‘टरेट टॉप’ नावाचं एकसंध पोलादी छत आणलं. डोक्यावरची गळती थांबली.

आणि माणूस बघा कसा असतो. दोनच वर्षांत, १९३७मध्ये, नॅश या अमेरिकन कंपनीनं गाडीला सनरूफ देऊ केलं. बंद केलेलं छत पुन्हा उघडलं! युरोपात तर हा शौक आधीपासूनच होता. फोक्सवॅगन बीटलला कितीतरी वर्षं घडीचं कापडी सनरूफ मिळायचं, १९६४च्या मॉडेलपासून तिथे हँडलनं सरकणारं पोलादी छत आलं. १९६५मध्ये हाइन्झ प्रेख्टर या जर्मनीहून आलेल्या तरुणानं लॉस एंजेलिसमध्ये ‘अमेरिकन सनरूफ कंपनी’ काढली. तयार गाडीचं छत कापून सनरूफ बसवायचं, हा धंदा. १९७३मध्ये लिंकनच्या मार्क फोर गाडीत काच आली आणि ‘मूनरूफ’ हा शब्द रुळला.

आता यातली खरी गंमत. सरकणारं छत शंभर टक्के पाणीबंद करणं फार अवघड. म्हणून डिझायनर लोकांनी पाण्याशी भांडण सोडलं. रबर फक्त बरंचसं पाणी अडवतं. जे आत शिरतं, त्यासाठी चौकटीखाली एक पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, बारीक नळ्या निघतात आणि खांबांच्या आतून उतरून गाडीखाली पाणी सोडतात. कोकणातल्या कौलारू घराची पन्हळ आठवा. पन्हळीत पाला अडकला तर पाणी पडवीत येणारच. त्यात घराचा काय दोष?

आमची गाडी सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी असते. सनरूफ उघडून कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूच ओतलं. उजवीकडचं पाणी खाली आलंच नाही, तिथेच तुंबलं. गवत कापायच्या मशीनमधली नायलॉनची दोरी हळूहळू आत सारली, तर गुलमोहराच्या बारक्या पानांचा काळा लगदा निघाला. जोरात हवेचा फवारा मारायचा मोह होतो, तो टाळा. नळी आत सांध्यातून निसटली, तर छताचं अस्तर उतरवायची वेळ येते. आणि ते सिलिकॉन? पन्हळीची वाटच बुजली असती तर पाणी पुन्हा आतच!

मग वाळवणं. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा जाड फोम पाणी धरून बसतो, आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. सीट काढायला मेकॅनिकच बोलावला, कारण सीटमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात, आधी बॅटरी सोडवावी लागते. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं फोम पिळून काढला, कार्पेटखाली लाकडी ठोकळे लावले आणि तीन दिवस टेबल फॅन. मित्राचा डीह्युमिडिफायरही आणला, कारण पावसाळ्यात नुसत्या काचा उघड्या ठेवल्या तर बाहेरची दमट हवाच आत येते. चौथ्या दिवशी फोमवर टिश्यू पेपर दाबून धरला, कोरडा निघाला. तेव्हाच कार्पेट खाली टाकलं.

पुढच्या मोठ्या पावसात मी आणि बाबा छत्री घेऊन गाडीपाशी उभे होतो. पुढच्या चाकाजवळ पाण्याची बारीक धार लागली होती. बाबा वाकून बघत म्हणाले, “पन्हळ चालू आहे.” संध्याकाळी आई पुढच्या सीटवर बसली आणि तिला एकदाही खोकला आला नाही.

तुमच्याकडे सनरूफ असेल तर मे महिन्यातच ते वाटीभर पाणी ओतून बघा. भेटू पुढच्या भागात, तोवर कोरडे राहा!