रँगेल बेटावरील एकाकिनी

निर्जन अरण्यांत किंवा हिमप्रदेशांत एकटी सांपडलेली स्त्री आणि तिची जगण्याची धडपड हा अलीकडच्या चित्रपटांचा व थरारकथांचा मोठा आवडता विषय झाला आहे. अशा कथांतील नायिका बहुधा जात्याच निर्भय आणि शस्त्रनिपुण रंगविलेली असते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

सैबीरियाच्या उत्तरेस आर्क्टिक महासागरांत रँगेल नांवाचें बेट आहे. जाणत्या माणसास हिमप्रदेशांत अन्नाची वाण पडत नाहीं, असा विल्यालमूर स्टेफान्सन या संशोधकाचा सिद्धांत होता. १९२१ सालीं त्या बेटावर ब्रिटिश हक्क स्थापण्याकरितां त्यानें ॲलन क्रॉफर्ड याच्या नेतृत्वाखालीं चार तरुणांची तुकडी पाठविली. स्वतः मात्र तो गेला नाहीं. चौघांपैकीं लॉर्न नाइट व फ्रेड मॉरर हे त्या प्रदेशांत पूर्वीं राहून आलेले होते. त्यांच्याबरोबर शिवणकामासाठीं दरमहा ५० डॉलर वेतनावर एडा ब्लॅकजॅक ही अलास्कांतील इनुपियाट जमातीची २३ वर्षांची स्त्री निघाली. मिशनमध्यें वाढलेल्या एडाला शिवण, स्वयंपाक व थोडें इंग्रजी येत असे. शिकार येत नव्हती, आणि पांढऱ्या अस्वलांची तर तिला विलक्षण धास्ती होती. तीन अपत्यांपैकीं दोन तिनें गमावलीं होतीं. उरलेल्या क्षयी मुलाच्या उपचारासाठीं पैसा हवा होता, एवढ्याचकरितां ती गेली.

बरोबर शिधा सहा महिन्यांचाच होता. १९२२ सालीं निघालेलें मदतीचें जहाज बर्फामुळें पोंचलें नाहीं. शिकारही मिळेनाशी झाली. १९२३ च्या जानेवारीअखेर तिघे पुरुष मदत आणण्यासाठीं बर्फावरून सैबीरियाकडे निघाले, ते पुन्हां कोणासच दिसले नाहींत. मागें स्कर्व्हीनें खंगलेला नाइट राहिला. त्याची शुश्रूषा, सरपण, अन्न हा सारा भार एडावर आला. तिनें कोल्ह्यांसाठीं सापळे लावले, बंदूक चालविण्यास ती शिकली, आणि रुग्णाचे कठोर शब्दही तिनें सोसले. जूनमध्यें तो वारला. पुढें सुमारें दोन महिने त्या बेटावर एडा आणि एक मांजर, एवढींच होतीं. अस्वलें दुरून दिसावीं म्हणून तिनें माचाण उभारलें, कातड्याची होडी शिवली, रोजनिशी लिहिली. ऑगस्टांत हॅरल्ड नॉइस जहाज घेऊन आला, तेव्हां पांचांपैकीं ती एकटीच हयात होती.

वर्तमानपत्रांनीं प्रथम तिला स्त्री-रॉबिन्सन क्रूसो म्हणून डोक्यावर घेतलें. नंतर नॉइसनें, नाइटकडे तिनें दुर्लक्ष केलें, असा आरोप तिजवर केला. तिची बाजू घेण्यास पुढें आलीं तीं खुद्द नाइटचीं आईबापें.

ज्या राजकीय हक्कासाठीं चार जीव गेले तो १९२४ सालीं सोव्हिएट सत्तेनें बेटाचा ताबा घेतांच व्यर्थ झाला. एडानें मात्र हातीं आलेल्या पैशांतून मुलाला सिॲटलला नेऊन औषधोपचार करविले. १९८३ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं ती निवर्तली. तिची भीति शेवटपर्यंत गेली नव्हती. भीत भीतच ती एकेक काम शिकत गेली. कथाकारांनीं आपल्या नायिकांना बंदुकीबरोबर थोडी भीतिही द्यावी. त्यांचें धैर्य मग अधिक खरें वाटेल.