ज्योतीवर गोठणारा बर्फ

गाडीतच संसार थाटून महिनोन्महिने भटकणारी मंडळी युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्या ‘कॅम्पर व्हॅन’मध्ये बिछाना असतो, शेगडी असते आणि एक लहानसा फ्रीजही असतो. जुन्या गाड्यांतला हा फ्रीज बहुधा प्रोपेन गॅसवर चालतो. पाठीमागे बोटभर निळी ज्योत जळत असते आणि पुढच्या कप्प्यात बर्फ गोठत असतो! विस्तवातून गारवा निघतो तरी कसा?

याचं निम्मं उत्तर आपल्या माठात आहे. पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडताना माठाची उष्णता सोबत नेतं. फ्रीजमध्ये पाण्याच्या जागी अमोनिया असतो. तो उणे ३३ अंशांनाच उकळतो. माठाची वाफ वाऱ्यावर जाते, इथली मात्र पकडून पुन्हा द्रवरूप करावी लागते. विजेच्या फ्रीजमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो. फ्रान्सच्या फेर्दिनां कारे यांनी १८५९च्या सुमारास वेगळी वाट काढली. अमोनियाची वाफ पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी तापवून अमोनिया परत मिळवायचा. मात्र त्यांच्या यंत्राला पंप लागे.

हा पंप १९२२मध्ये स्टॉकहोमच्या दोन तंत्रविद्यार्थ्यांनी काढून टाकला. बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स ही त्यांची नावं. त्यांनी नळ्यांत हायड्रोजन भरला. त्यामुळे आतला एकूण दाब सगळीकडे सारखा राहिला आणि थंड कप्प्यात अमोनियाच्या वाट्याला दाब थोडाच आल्यानं तो भराभर उडू लागला. द्रावण वर चढवायला उकळीचे बुडबुडे पुरले, खाली आणायला गुरुत्वाकर्षण. हलणारा भाग एकही नाही! १९२५मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीनं हे यंत्र हाती घेतलं. (याच प्लॅटन यांनी पुढे कृत्रिम हिरे बनवण्याचं यंत्रही रचलं. माणूस एका विषयावर थांबणारा नव्हता.)

त्याच सुमारास बर्लिनमध्ये एका फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूनं झोपेतच एक कुटुंब दगावलं. ती बातमी वाचून आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड बिनपंपाच्या फ्रीजच्या मागे लागले, असं सांगतात. १९२६पासून त्यांनी अनेक पेटंटं घेतली. काही इलेक्ट्रोलक्सनं विकतही घेतली, पण त्यांचा फ्रीज बाजारात आला नाही.

गाडीतला फ्रीज रुसला, की त्याचं दुखणं या रचनेतच शोधावं लागतं. गाडी उतारावर उभी असेल तर द्रावण नळीच्या वळणात साचतं, बॉयलर कोरडा पडून नको तितका तापतो आणि गंज रोखणारं आतलं रसायन खडा होऊन बसतं. मग नळी तुंबते. फ्रीज काढून उलटा करून ठेवायचा जुना तोडगा काहींना लाभतो, पण मी त्यावर फार भरवसा ठेवणार नाही. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडून ज्योत विझवावी.

बहुतेक वेळा दोष ज्योतीचाच निघतो. उन्हाळाभर पडून राहिलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, धुरांड्यातला गंज झडून बर्नरवर पडतो. बटण दाबून धरलं तोवर ज्योत जळते आणि सोडताच विझते, तेव्हा थर्मोकपलकडे पाहावं. ज्योतीत तापणारा हा धातूचा तुकडा किंचित वीज निर्माण करतो आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की झडप आपोआप मिटावी, ही ती सोय.

निळी ज्योत पिवळी झाली, तर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत इव्हान्सव्हिलच्या सर्व्हेल कंपनीनं हेच स्वीडिश तंत्र घेऊन गॅसचे फ्रीज घरोघरी पोचवले. १९३३ ते १९५७ या काळात बनलेले त्यांचे फ्रीज वीज नसलेल्या रानातल्या घरांत पुढे कित्येक दशकं बिनतक्रार चालत राहिले. हलणारा भागच नाही, तर मोडणार काय? पण बर्नर काजळत गेले, बंद खोल्यांत धूर कोंडला आणि माणसं दगावली. अखेर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला हे फ्रीज वापरू नका, असं आवाहन करावं लागलं. विषारी वायू टाळायला ज्या रचनेचा शोध चालला होता, तिनं दुसराच वायू घरात आणला होता.

म्हणून गाडीच्या फ्रीजची ज्योत आता राहण्याच्या जागेपासून बंद करून घेतात. तिला हवा बाहेरून मिळते, धूरही भिंतीतल्या जाळीतून बाहेरच जातो. थंडीत वारा लागतो म्हणून या जाळ्यांवर पुठ्ठा चिकटवणारे महाभाग असतात. कुणाचा फ्रीज गार होत नसेल, तर पाना हातात घेण्याआधी गाडीबाहेर उतरून त्या जाळ्या मोकळ्या आहेत का, ते पाहावं.