किल्लारीची गल्ली आणि नवा रस्ता

खोबरच्या जुन्या भागातले रस्ते तुम्ही पाहिलेच असतील. पट्टीने आखल्यासारखे सरळ, काटकोनात वळणारे. मासेमारांच्या लहान वस्तीचं तेलामुळे शहर झालं. इथे बहुतेक जण बाहेरून आलेले, त्यामुळे अशी आखणी सोयीची. पण हीच आखणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावावर आली तर? आपल्या मराठवाड्यात तसं झालं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर कोसळलं. अरुंद गल्ल्या ढिगाऱ्यांनी बुजल्या आणि मदत आत पोहोचेना.

म्हणून किल्लारीसह ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. रस्ते रुंद आणि सरळ आखले. घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भीती पाहिलेल्या माणसांना हा निर्णय चुकीचा कसा म्हणावा?

पण अनेक गावांत एकाच मापाची घरं एका भागात आली आणि जुने शेजारी पांगले. ओट्यावरून ओट्यावर चालणाऱ्या गप्पा रुंद रस्त्याने तोडल्या. मग लोकांनीच हळूहळू घरापुढे कुंपणं घातली, पत्र्याच्या खोल्या काढल्या, झाडं लावली आणि रस्त्याला वळण दिलं.

कमी नुकसान झालेल्या गावांत वेगळी वाट होती. तिथे सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुती झाली. सरकारी मदत हप्त्याने मिळाली आणि काम घरमालकांनी स्वतः करवून घेतलं. शेकडो गावांत महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कोणत्या भिंतीला काय हवं, पैसे कुठवर आले, हे त्या घरोघरी समजावत. गल्ली तीच राहिली, भिंती बदलल्या.

तुमच्यापैकी कितीतरी जण इथून गावाकडच्या घरासाठी पैसे पाठवता. नकाशा पक्का करण्याआधी एक फोन आईला करा. ओटा कुठे हवा आणि दार कुणाच्या दारासमोर हवं, ते तिला विचारा. आणि भिंत भूकंपाला टिकेल का, हे इंजिनियरला. दोन्ही उत्तरं मिळाली की मगच पाया खणा.